इंजिनाच्या तोंडात गूळ-खोबरं

उघड्या चाकांची रेसिंग गाडी चालवणारी आख्ख्या लातुरातली पहिली मुलगी कोण? मी! गीतांजली, इयत्ता दहावी! (तोवर चालवली नव्हती, पण घोषणा आधीच केलेली बरी.)

शाळेतल्या आम्ही चौघींनी भंगारातले पाइप जोडून ती बनवली. एक सीट, चार चाकं, मडगार्ड नाही. लांबून बघितलं तर उलटी पडलेली खाट! जानेवारीत पुण्याला शाळांची रेस होती. पण त्याआधी ज्ञानोबा सरांसमोर न थांबता दहा चकरा मारल्या, तरच आमचं नाव जाणार. आणि नाव पाठवायची शेवटची तारीख या चाचणीच्याच दिवशी!

फक्त इंजिन नव्हतं.

अर्धापूरच्या व्यंकटमामांनी फवारणीपंपाचं इंजिन कबूल केलं होतं. ऐन वेळी फोन! "गीते, केळीवर करपा पडलाय गं. इंजिन दिलं तर बाग जाती."

आता केळीशी काय भांडणार!

बाबा डाळमिलमध्ये फिटर. त्यांनी रविवारी स्वतःच्या मोटरसायकलचं इंजिन काढून आमच्या गाडीत बसवलं आणि सोमवारपासून सायकलवर मिलला जायला लागले. "पोट लई सुटलंय, बरंच हाय," म्हणे. बाबांना पोट? डाळीच्या रिकाम्या पोत्याला असतं तेवढं!

चाचणी नेमकी खंडेनवमीला, यंत्रांच्या पूजेच्या दिवशी. मी चाळीस गोष्टींची यादी करून एकेक तपासली. ब्रेक! चेन! पेट्रोल! कुणीही हात लावायचा नाही, अशी घरात ताकीदही दिली.

मैदानावर आई-बाबाही आले होते. सरांनी शिट्टी मारली. गाडी सुटली. वाघीण! अर्ध्या चकरेत वाघिणीला खोकला लागला. खों... खों... फुस्स!

"वीस मिनिटं देतो," सर म्हणाले.

"पेट्रोलात भेसळ हाय!" मामा गरजले. अपराधी वाटून बिचारे केळीचा घड घेऊन आले होते.

"प्लग गेलाय, काका!" माझी मैत्रीण करिश्मा म्हणाली.

बाबांनी पेट्रोल बदललं, प्लग बदलला. फुस्स! पंधरा मिनिटं संपली.

आई पदराचं टोक पिळत उभी होती. "अहो, त्याच्या तोंडात बघा की."

"कुणाच्या तोंडात?"

"इंजिनाच्या. ते गोल, उघडं हाय ते. सकाळी पूजा केली तवा निवद..."

"दाखवला का भरवला?"

"दहा चकरा मारायच्या त्याला! उपाशीपोटी पाठवू व्हय?"

एअर फिल्टर मावेना म्हणून इंजिन जिथून श्वास घेतं ते कार्ब्युरेटरचं तोंड आम्ही उघडंच ठेवलं होतं. बाबांनी तो खोलला. आत गूळ-खोबरं!

"आई! सत्यानाश केलास!" मी सगळ्यांसमोर ओरडले.

आई बाजूला सरकली.

बाबा खोबऱ्याचा तुकडा काढत हळूच म्हणाले, "मी सायकलवर जायलोय तवापासून माझ्या डब्यात बी गूळ टाकायलीय ती. दमणाऱ्याला खाऊ घालती, पोरी. तिला दुसरं काय येतंय?"

मी पेट्रोलात बुडवलेला चिंधीचा बोळा घेऊन गूळ पुसायला लागले.

शेवटच्या मिनिटाला इंजिन गुरगुरलं! मी सुटले. आई बोटांच्या पेरांवर मोजत होती, पण बघत होती फक्त गाडीकडं. माझ्याकडं एकदाही नाही. आठ... नऊ... दहा! सरांनी नाव लिहिलं, मामांनी सरांच्या हातात केळं दिलं, आणि मी धावत जाऊन आईला मिठी मारली.

"चुकलं गं माझं."

"हेल्मेट काढ आधी! टोचायलंय!" आई म्हणाली. पण मिठी तिनंही सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. दरवर्षी बाबा आईला मोटरसायकलवर बसवून नातेवाइकांकडे आपट्याचं सोनं द्यायला जातात. यंदा "ऑटोनं जाऊ की" म्हणायला लागले. मी म्हटलं, छे! दुपारभर खपून मी एकटीनं इंजिन परत मोटरसायकलला बसवलं. "जानेवारीपर्यंत तुमचं, बाबा!"

बाबांनी किक मारली. पहिल्याच किकला सुरू! त्यांनी डोळे पुसले. आई नवी साडी सावरत मागं बसली, माझ्याकडं बघून हसली. दोघं वळणावर दिसेनासे होईपर्यंत मी हात हलवत राहिले.

हलवता हलवता लक्षात आलं, मुठीत एक नट उरलाय.

"बाबा, थांबाऽऽ!" चपला तिथंच टाकून मी अशी पळत सुटले म्हणून सांगू! आमच्या गाडीनं अजून तो वेग घेतलेला नाही.