लेसची स्लिप, पांढऱ्या साडीखाली

तारेवर

"हे आतली वस्तू अशी गल्लीसमोर कायले टांगली?" तानाबाईंनी सुनेला विचारलं.

"आतली नाही, आई. वरून घालाची हाय. ड्रेसवरून."

"आरपार दिसते."

"मंग खालचा ड्रेस दिसाले नको का?"

तानाबाईंना हे पटलं नाही. लेसची ती पांढरी, बिनबाह्यांची स्लिप उर्वशीने शेजारच्या अर्पितासाठी शिवली होती. अर्पिता पुण्यात नोकरीला. आज दुपारच्या गाडीने ती परत निघणार होती, आणि स्लिप आवडली तर मैत्रिणींचंही काम पाठवणार होती. उर्वशीचं हे पहिलंच गिऱ्हाईक. ते बिघडलं तर शिलाई मशीन नेरला नणंदेकडे जाईल, असं तानाबाईंनी बजावलेलं. त्यात शेवटच्या टाक्याला मशीनच्या तेलाचा डाग पडला. म्हणून स्लिप धुतली. धुतली म्हणून तारेवर आली.

आतले कपडे साडीखाली वाळतात. बाभुळगावात कोणत्याही अंगणात बघा. उर्वशी स्वयंपाकाला वळताच तानाबाईंनी स्लिपवर आपली पांढरी साडी पसरली. वारा साडी उडवायला लागला, तेव्हा दोन सेफ्टी पिना घेऊन स्लिप पदराला पक्की अडकवून टाकली.

आणि विसरल्या.

अंगावर

रविवार. विहारात वंदना. पांढरी साडी वाळली होती, चष्मा सापडत नव्हता. सापडला असता तर गोष्ट इथंच संपली असती. पांढऱ्यावर पांढरं काय दिसणार? तानाबाईंनी साडी नेसली, पदर पाठीवर टाकला आणि निघाल्या.

उर्वशी अंगणात आली. तारेवर स्लिप नाही. साडीही नाही.

ती विहाराच्या दारात पोचली तेव्हा वंदना सुरू व्हायची होती. तानाबाई पहिल्या रांगेत, आणि स्लिप त्यांच्या पाठीवर. खांद्याच्या पट्ट्या वर, घेर खाली. त्यांच्या मागे इंदूबाई. इंदूबाईच्या मागे, प्रवासाची बॅग घेऊन, अर्पिता.

इंदूबाई पुढे वाकल्या. "तानाबाई, हे कोणी शिवलं वं?"

तानाबाईंना वाटलं, साडीचा फॉल. "सुनेनं."

"लय बारीक काम हाय."

"मीच शिकवलं तिले."

तेवढ्यात मेणबत्ती लावायला त्यांनाच बोलावलं. तानाबाई वाकल्या, पदर खांद्यावरून पुढे घसरला आणि लेस ज्योतीकडे झुलू लागली. उर्वशीने चपला दारात टाकल्या आणि धावत जाऊन पदर दोन्ही हातांनी मागे ओढला. तानाबाई तिच्या अंगावर रेलल्या.

सावरून उभ्या राहत त्यांनी पदर पुढे घेतला. तानाबाईंच्या हाताला एक पट्टी लागली. त्यांनी ती चाचपली.

"हे...?"

"तेच," उर्वशी पुटपुटली.

तानाबाईंनी वळून पाहिलं. सगळ्या बाया त्यांच्याकडेच बघत होत्या.

अर्पिता पुढे आली. तिने लेस उजेडात धरली, घेर फिरवून पाहिला. कुठे जळालं नव्हतं, डागही नव्हता. "काकू, पाठीवर कशी पडते ते मले आताच समजलं. लय भारी दिसून राह्यली."

"पण म्हणतेत काय याले?" इंदूबाईंनी विचारलं.

उर्वशीने खाली पाहिलं. आता आई काय सांगतात?

"स्लिप," तानाबाई म्हणाल्या. "वरून घालाची असते."

"अशी आरपार?"

"मंग खालची साडी दिसाले नको का?" तानाबाई म्हणाल्या, आणि स्वतःच्या हाताने पिना काढू लागल्या.

पुन्हा तारेवर

अर्पिता स्लिप घेऊन दुपारच्या गाडीने गेली. पंधरवड्याने पुण्याहून तीन स्लिपांची मापं आली. मशीनवर तानाबाईंनी नवीन कव्हर घातलं. नेरचा विषय कुणी काढला नाही.

शिवून, धुऊन झालेल्या तिन्ही स्लिपा उर्वशीने शहाणपणाने घरामागच्या दोरीवर टाकल्या. वरून साडी. थोड्या वेळाने पाहते तर दोरी रिकामी. ती धावत अंगणात आली.

तिन्ही स्लिपा गल्लीसमोर तारेवर होत्या. त्यांच्यामागे दुसऱ्या तारेवर तानाबाईंची हिरवी साडी पसरलेली.

"हिरवी कायले, आई?"

"पांढऱ्यावर उठून दिसत नाही ना वं," तानाबाई म्हणाल्या. चष्मा लावून, फाटकापर्यंत मागे जाऊन, त्या बघत होत्या.