शेळके काकांचं गच्चीवरचं हेल्मेट

आमच्या बुलढाण्यात हेल्मेट घालून स्कूटर चालवणारे लोक तसे कमीच. पण हेल्मेट घालून गच्चीवर जाणारे शेळके काका अख्ख्या गावात एकटेच होते. स्कूटरवर त्यांचं डोकं उघडं असायचं. बाजारात जाताना उघडं, देऊळघाटला भाचीकडे जाताना उघडं, चौकात पोलीस उभा दिसत असतानाही उघडं. घरी आले की मात्र चप्पल काढायचे, हातपाय धुवायचे, हेल्मेट चढवायचे, काच खाली ओढायचे आणि जिना चढून गच्चीवर जायचे. कॉलनीत नवीन भाडेकरू आला की तो हमखास माझ्याकडे येऊन दबक्या आवाजात विचारायचा, "मॅडम, ते शेजारचे काका... बरे आहेत ना?"

बरे आहेत, संशोधन करतात, असं मी सांगायची. आमच्या दोन गच्च्यांमध्ये कमरेएवढी भिंत आहे, त्यामुळे त्यांच्या सगळ्या संशोधनाला मी नाइलाजाने साक्षीदार आहे. मी शाळेत मराठी शिकवते. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला संपला होता, तो काकांनी न विचारता पुन्हा जोडून दिला.

काका बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे माईकवरून गाड्या पुकारायचे. "देऊळगाव राजामार्गे जालन्याला जाणारी गाडी फलाटावर लागत आहे, प्रवाशांनी नोंद घ्यावी" हे आयुष्यभर म्हटलेला माणूस निवृत्त होतो, त्याचा आवाज निवृत्त होत नाही. पुकारायला गाड्या उरल्या नाहीत तेव्हा काकांच्या हाती मोबाईल आला आणि मोबाईलमध्ये जगभरचे शोध सापडले. खगोल म्हणू नका, स्थापत्य म्हणू नका, मुंग्या म्हणू नका, सगळं एकाच फलाटावर. मी सकाळी दुधासाठी दार उघडलं की पलीकडून घोषणा यायची, "माणसाची जांभई कुत्र्यालेही लागते, असं संशोधन हाये. नोंद घ्यावी."

आता असले शोध पुढे ढकलणारे काका घरोघरी असतात. आमच्या काकांचं वेगळेपण असं की ते ऐकलेलं मानत नाहीत. "परदेशात झालं ते झालं. बुलढाण्यात होते का, ते पाहू," असं म्हणून ते कामाला लागतात. जांभईच्या प्रयोगासाठी ते कॉलनीच्या काळ्या कुत्र्यासमोर पायरीवर बसून दुपारभर जांभया देत होते. कुत्र्याने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि ते उठून गेलं. काका तिथेच झोपले.

मग कुठेतरी वाचलं की गरम पाणी थंड पाण्याच्या आधी गोठतं. त्यांच्या फ्रीजमध्ये जागा नव्हती म्हणून दोन वाट्या माझ्या फ्रीजमध्ये आल्या. वर "मॅडम, दार उघडू नोका" अशी ताकीद. तेवढ्यात लाईट गेली, ती संध्याकाळी आली. काकांनी दोन्ही वाट्यांतलं पाणी गंभीरपणे पाहिलं आणि निकाल दिला, "बुलढाण्यात दोन्ही गोठत नाहीत."

सगळ्यात गाजलं ते काँक्रीट. भेगा आपोआप बुजाव्यात म्हणून काँक्रीटमध्ये जिवाणू घालतात, हे वाचून काकांनी गच्चीच्या भेगेसाठी मिस्त्री बोलावला आणि जिवाणू टाकायला सांगितलं. मिस्त्री बिचारा डोकं खाजवत म्हणाला, "टाकतो ना काका. पण त्याचं पोतं कोन्त्या दुकानात भेटते?" शेवटी जिवाणू तो जिवाणू, असं म्हणत काकांनी भेगेत घरचं दही ओतलं. भेग होती तेवढीच राहिली, वर लाल मुंग्या आल्या. "यायच्या शोधापायी घरात कढीले दही राह्यत नाही," असं मालतीकाकू भिंतीवरून मला सांगत होत्या आणि तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मालतीकाकू म्हणजे काकांच्या पत्नी. त्यांच्या कुरडया आणि ज्वारीचे पापड कॉलनीत प्रसिद्ध. उन्हाळ्यात गच्चीभर वाळवण पडायचं आणि राखणीला काका बसायचे, हातात गुलेर म्हणजे गलोल घेऊन. नेम पक्का होता. कावळा मरावा असा खडा ते मारत नसत, पण पुन्हा येणार नाही इतपत मारत. वर्षानुवर्षे उन्हाळ्यात आमच्या गच्च्यांवरून कावळा उडाला तर तो उंचावरूनच उडायचा.

काकूंचं एकच मागणं असायचं. त्यांना समुद्र पाहायचा होता. मोठा हट्ट नव्हता, दरवर्षी एकदा आठवण करून द्यायच्या, बस. नवऱ्याने साऱ्या जिल्ह्याला गाडीत बसवून दिलं, पण उन्हाळ्यात गर्दी, दिवाळीत जादा गाड्या, यात्रेत सुट्टी बंद. "रिटायर झालो का जाऊ," काका म्हणायचे. रिटायर झाले तोवर काकूंचे गुडघे गेले, आणि परवाच्या वर्षी काकूच गेल्या.

दहाव्याचा विधी कॉलनीमागच्या तळ्याकाठी झाला. मी होते. पिंड ठेवला, लोक मागे सरले, कावळे समोरच्या बाभळीवर भरपूर होते, पण एकही खाली येईना. मग सुरू झाली वचनं. मुलगा म्हणाला, बाबांना सांभाळीन. नणंद म्हणाली, तुह्या पाटल्या सुनेलेच देऊ. कोणी काही, कोणी काही. काका सगळ्यांच्या पुढे, पिंडासमोर, हात जोडून वर पाहत उभे होते. "काय राह्यलं व तुह्यं? सांग ना," असं त्या बसस्टँडच्या आवाजात ते पुन्हा पुन्हा विचारत होते. ऊन चढलं, भटजी घड्याळ पाहायला लागले. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी परतली. तळ्याला वळसा घालून परतताना जीपमध्ये मागे बायका बोलल्या, "समुद्राचं राह्यलं तिचं. रागावून गेली." काका पुढे ड्रायव्हरजवळ बसले होते. त्यांना ऐकू गेलं, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं.

त्यानंतर पलीकडून घोषणा बंद झाल्या. मला वाटायचं, शांतता आवडेल. नाही आवडली. सकाळी दुधाला दार उघडून मी उगाच रेंगाळायची आणि नुसतं दूध घेऊन आत जायची.

असे बरेच महिने गेले. मग एका सकाळी काका भिंतीजवळ आले, हातात मोबाईल.

"मॅडम, काकूच्या दहाव्याले तुमी होत्या ना? मी कुठी उभा होतो?"

"पिंडासमोर. सगळ्यांच्या पुढे."

"आन् तोंड?"

"वर होतं. कावळ्यांकडे."

"हाव," ते म्हणाले आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. कावळे माणसाचा चेहरा ओळखतात, त्रास देणाऱ्याला वर्षानुवर्षे विसरत नाहीत, आणि बाकीच्या कावळ्यांनाही तो दाखवून देतात, असा शोध होता. काका म्हणाले, "म्हंजे असंही असू शकते का ती माह्यावर रागावली नव्हती. मी समोर होतो म्हणून ते आले नाहीत. असू शकते. पण करून पाहा लागीन."

ते हेल्मेट तेव्हा आलं. काका काच ओढून कठड्यावर भात ठेवायचे आणि बाजूला उभे राहायचे. पहिले काही दिवस कावळ्यांनी त्या गोल डोक्याचा अंदाज घेतला, मग यायला लागले. हेल्मेट काढलं की सगळे तारेवर, आणि तिथून जो कल्ला सुरू व्हायचा तो शिव्या दिल्यासारखा. मला वाटलं, झालं. काका म्हणाले, नाही झालं. कावळे उघड्या डोक्यालाच भीत असतील तर? दुसरं उघडं डोकं पाहिजे.

दुसरं डोकं अर्थातच माझं. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. "फरक फक्त तोंडाचा पाह्यजे," म्हणून त्यांनी मला साडीवरून स्वतःचा चौकड्यांचा शर्ट घालायला लावला. त्या अवतारात मी कठड्यावर भात ठेवत असताना खालून आमच्या शाळेचे मुख्याध्यापक गेले. त्यांनी वर पाहिलं, मी नमस्कार केला, त्यांनीही केला. त्यांनी आजवर तो विषय काढलेला नाही.

पण कावळे आले. माझ्या हाताशी येऊन भात खाऊन गेले. काका जिन्याच्या दाराआडून फटीतून पाहत होते.

"सिद्ध झालं काका!" मी शर्ट काढत ओरडले. मला खरंच फार आनंद झाला होता. "काकू रागावल्या नव्हत्या!"

"नाही," काका बाहेर येत म्हणाले. "कावळे रागावले होते."

आता घोषणा होणार, म्हणून मी थांबले. नोंद घ्यावी, हे ऐकायला मी कधी नव्हे एवढी आतुर झाले होते. काका पाण्याच्या टाकीला टेकून बसले. हेल्मेट मांडीवर घेऊन त्याची काच वर-खाली करत राहिले.

"पण मॅडम, समुद्र पाहाचा होता तिले, हे तं खरंच हाये ना," ते म्हणाले. "त्याले कावळा कायले पाह्यजे?"

मी शर्टाची घडी करून भिंतीवर ठेवली आणि खाली आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर काका पुन्हा गच्चीवर. कठड्यावर भात, आणि डोकं उघडं. तारेवर कावळ्यांचा कल्ला चाललेला.

"काका, प्रयोग संपला ना? आणि खाऊ घालायचंच असेल तर हेल्मेट घाला, नाहीतर येणार नाहीत ते."

"नोको. आता तोंड पाहूनच येऊ द्या," काका तारेकडे पाहत म्हणाले. "या कावळ्यायची समजूत काढाची हाये." मग बसस्टँडचा नसलेल्या, मी कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, "तिची काढाची राह्यली."

तेव्हापासून रोज हे चालू आहे. हेल्मेट जिन्यात खुंटीला आहे. कावळे आधी तारेवरून टाकीवर आले, आता कठड्याच्या टोकापर्यंत येतात, भाताचा घास उचलतात आणि काकांवरची नजर न काढता मागे सरकतात. काका हलत नाहीत.

यंदा मी काकूंच्या पद्धतीने कुरडया घातल्या. दुपारी वर गेले तर एका कोपऱ्याचा फडशा पाडून कावळे निवांत बसलेले. माझं डोकं फिरलं. हाकलायला मी हात उचलला, तेवढ्यात भिंतीपलीकडे उघड्या डोक्याने उन्हात उभे असलेले काका दिसले. मी हात खाली घेतला आणि उरलेल्या कुरडया उलटवत बसले.