डोंगराकडे पाठ करून

कात्रजच्या डोंगराचं चित्र काढताना योहानराव डोंगराकडे पाठ करून बसतात. आधी बराच वेळ टक लावून बघतात, मग स्टूल फिरवतात आणि रंगवायला लागतात.

"आजोबा, डोंगर मागं हाय!" दुधाचे कॅन घेऊन चाललेला एकजण एकदा ओरडला.

"माहीत आहे," योहानराव म्हणाले. "तो कुठे जात नाही. तुमचं दूध मात्र नासेल."

हे मराठी सदाशिव पेठेतलं, बायकोकडून शिकलेलं. योहानराव मूळचे उत्तर जर्मनीतल्या, समुद्राकाठच्या एका सपाट गावचे. तरुणपणी त्यांनी तिथली दलदल, बांध आणि ढग एवढंच रंगवलं. शेजारच्या जिल्ह्यातलं झाडसुद्धा नाही. "ते माझ्या प्रदेशातलं नव्हतं," म्हणतात. पाठ करून बसायची सवय तिथलीच. त्यात काही कलाविचार असेल, असं मला वाटायचं. "छे हो," ते म्हणाले, "वारा तोंडावर यायचा."

प्रदर्शनासाठी पुण्यात आले, दुभाषी म्हणून आलेल्या मालतीबाईंशी लग्न केलं आणि आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहिले. मग पुणे त्यांचा प्रदेश झाला. मांजरी गावचा ऊस तर त्यांनी वर्षानुवर्षं रंगवला. एकदा चित्र अर्धं असतानाच तोड आली. योहानराव शेतकऱ्याला म्हणाले, "हा कोपरा तेवढा पुढच्या आठवड्यात तोडाल का?"

"आन् कारखान्याला काय सांगू? रंग वाळायचाय म्हनून?"

माणूस मात्र त्यांच्या एकाही चित्रात नाही. त्यामुळेच पंचाईत झाली. मालतीबाई गेल्या. वर्षश्राद्ध जवळ आलं आणि समोर ठेवायला त्यांचा धड फोटो सापडेना; कॅमेरा दिसला की त्या स्वयंपाकघरात जायच्या.

"आधार कार्डावर ताई चोरी करताना सापडल्यासारखी दिसते," त्यांची धाकटी बहीण कुसुमताई कडाडल्या. "तो फोटो मी ठेवू देणार नाही. जन्मभर चित्रं काढलीत ना? आता तिचं एक काढा."

"मला माणसं काढता येत नाहीत."

"माणसं कोण म्हणतंय? बायको काढा!"

योहानरावांनी दार लावून घेतलं. जिन्यात टर्पेंटाइनचा वास येत राहिला. एकदा चहा द्यायला गेलो, तर म्हणाले, "चेहरा येत नाही हो. डोळे मिटले की येतो, ब्रश उचलला की जातो."

श्राद्धाच्या दिवशी कुसुमताई हार घेऊन उभ्या. योहानरावांनी चित्रावरचं कापड काढलं. करडं आकाश, दलदल, बांधावरून गेलेली ओली पायवाट आणि तिच्या टोकाला उघड्या दाराचं एक घर.

"हे काय? ताई कुठे आहे यात?"

"हे माझं गाव," योहानराव म्हणाले. "दरवर्षी म्हणायचो, पुढच्या उन्हाळ्यात जाऊ. कधी तिची आई आजारी, कधी तिचे गुडघे." मग चित्राची चौकट सरळ करत म्हणाले, "ती अजून पोचायची आहे."

आता कुसुमताई काय बोलतात, या धास्तीने मी खाली बघत राहिलो. त्यांनी चष्मा पुसला. चित्राला हार घातला. मग वाकून त्या पायवाटेकडे नीट बघितलं.

"चिखल फार दिसतोय," त्या म्हणाल्या. "साडी वर धरून चाल म्हणावं."