झिपरीआत्याचं वजन

एका जंगलात, जिथे वाघसुद्धा हल्ली डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सकाळी चालायला जात असे, तिथे झिपरी नावाची एक अस्वलीण राहत होती. अख्खं जंगल तिला आत्या म्हणायचं. खरी आत्या मात्र ती नुकतीच झाली होती. नदीपलीकडे राहणाऱ्या तिच्या भावाला पिल्लू झालं होतं.

आता बाळांनो, तुम्हाला ठाऊकच आहे, बारशाला बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्या. ती आली नाही तर पाळणा हलतो, घुगऱ्या वाटल्या जातात, पण बाळ बिननावाचंच राहतं. मग मोठेपणी त्याला ओरडायचं तरी काय म्हणून?

नदीवर सुगरणींनी विणलेला वेलींचा साकव होता. साकवाच्या तोंडाशी राखणीला कासवनाना बसायचे. नियम त्यांच्या पाठीवरच लिहिलेला होता : नव्वद किलोच्या वर कोणी जाऊ नये. नाना जागचे हलत नसत, त्यामुळे नियमही हलत नसे.

बारशाला चार दिवस उरले होते. आत्यानं वांडू माकडाला वजनकाटा आणायला सांगितलं. त्यानं तो जंगलाबाहेरच्या एका विश्रामगृहाच्या बाथरूममधून आणला. चोरला असं म्हणू नका, माकडांना राग येतो.

नवी वस्तू घरात आली की आपण काय करतो? पूजा. आत्यानं काट्याच्या काचेवर हळदकुंकवाची बोटं लावली, पुढ्यात नारळ फोडला. एवढी मोलाची वस्तू जमिनीवर कशी ठेवायची? तिनं सावरीच्या कापसाची चांगली टम्म गादी घातली, काटा तिच्यावर बसवला, नमस्कार केला आणि मग चढली.

शहाण्णव!

ती उतरली आणि पुन्हा चढली. एक्क्याऐंशी. परत उतरली, परत चढली. एकशे दोन.

"अगं बाई! उतरून चढेपर्यंत मी खाल्लं तरी काय?"

"काटा रुसलाय, आत्या," वांडू म्हणाला. "एक दिवस कडकडीत उपास धर."

आत्यानं उपास धरला. वारुळाकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी काट्यानं एकशे अकरा दाखवले. आत्या गादीवरच बसून रडू लागली.

"माझ्या सोन्याच्या कानात आता कोण कुर्र करणार?"

तेवढ्यात दामू साळिंदर आला. मोडकंतोडकं नीट करण्यात त्याचा हातखंडा होता. जंगलात अशा प्राण्याला काम पडलं की बोलावतात, सणाला नाही. त्यानं काट्याभोवती एक फेरी मारली.

"आत्या, हा गादीवर का?"

"मग काय धुळीत ठेवू?"

"गादी दबते तसा काटा कलतो. आज इकडे, उद्या तिकडे. त्यावर तू एकदा कडेला उभी राहतेस, एकदा मध्ये. तो बिचारा करणार काय?"

दामूनं काचेवरचं कुंकू पुसलं. काट्यावर कोणी नसतानाच सुई सातावर उभी होती. त्यानं खालचं चाक फिरवून ती शून्यावर आणली. मग काटा ओढ्याकाठच्या सपाट दगडावर ठेवला.

"मधोमध उभी राहा. श्वास घे, पण डुलू नकोस."

एकशे चार. पुन्हा एकशे चार. तिसऱ्यांदाही एकशे चार.

"बघ, काटा बरा झाला!" दामू आनंदानं म्हणाला.

"काटा बरा झाला रे, पण मी मेले ना!"

दामूनं जरा विचार केला. "बाळ चार किलोचं आहे. त्यालाच इकडे आणू. साकवाला कळणारही नाही."

सगळं जंगल खवळलं. कारण तोवर सगळ्यांनीच गादीवर वजन करून पाहिलं होतं. रानडुक्कर तर एका दुपारीत वीस किलोंनी उतरलं होतं.

"बारशाला आत्या जाते," वांडू ओरडला. "बारसं उठून आत्याकडे येत नाही! म्हणे दगडावर ठेवा! हा आपल्या आत्याला जाड म्हणतोय!"

दामूला हाकलण्यात आलं. काटा पुन्हा गादीवर गेला. आत्या चढली, उतरली, चढली. एकोणिसाव्या खेपेला एक्क्याऐंशी आले.

"आता उतरू नकोस!" वांडू किंचाळला आणि साक्षीला कासवनानांना ओढत घेऊन आला. नानांनी आकडा पाहिला, मग स्वतःही चढून पाहिलं. पाठीसकट फक्त दोन किलो.

"काटा उत्तम आहे," नाना लाजत म्हणाले. "जा पोरी, खुशाल जा."

बारशाच्या दिवशी आत्या नवं झबलं दातात धरून साकवावर चढली. मधोमध आल्यावर वेली करकरल्या. आत्या श्वास घेत, न डुलता, अगदी दामूनं सांगितलं तशी उभी राहिली.

साकव तुटला.

अस्वलांना पोहता येतं, हे बरं. आत्या धडपडत पैलतीराला लागली आणि तशीच ओलीचिंब पाळण्यावर वाकली. तिच्या नाकावरचा थेंब पिल्लाच्या कानात पडला. पिल्लू खुदकन हसलं आणि आत्याला पुन्हा रडू आलं. या वेळी आनंदानं.

"कुर्र," ती पिल्लाच्या कानात म्हणाली, "दगडू."

भावजय नाराज झाली. याहून गोजिरं नाव सुचलं नाही का, असं तिनं विचारलं. आत्या म्हणाली, "मला खरं सांगणारा तो दगडच एक भेटला, वहिनी."

अलीकडच्या काठावर त्याच संध्याकाळी सभा भरली. काट्यानं एक्क्याऐंशी दाखवले होते, म्हणजे साकवच कच्चा, यावर सगळ्यांचं एकमत झालं. सुगरणींची खरडपट्टी काढण्यात आली. नवा साकव होईल तेव्हा त्याच्याखाली, थेट पाण्यावर, सावरीची मोठी गादी अंथरायची असंही ठरलं.

ती शिवायचं काम दामूला दिलं. सुया त्याच्याकडे होत्याच.

तात्पर्य : बाळांनो, खरं वजन फक्त दगडावर कळतं, म्हणून घरात गादीच बरी. तेवढं पोहायला मात्र शिकून ठेवा.