भर उन्हातला फ्लॅश

विनोदचा पहिला फोटो उन्हाकडे तोंड करून काढला होता. त्यात त्याचे डोळे इतके बारीक आले की मुलचेऱ्याच्या पाहुण्यांनी "पोट्ट्याले दिसते ना?" असे विचारले आणि नंतर फोन उचलणेच बंद केले. आता चामोर्शीकडच्या रीनाचे स्थळ आले होते. तिचा फोटो पाहिल्यापासून विनोदचे जेवण कमी झाले होते. या वेळी डोळे नीट येणे गरजेचे होते.

चामोर्शीचा फोटोग्राफर अजय घरी आला. त्याने विनोदला अंगणात, उन्हाकडे पाठ करून उभे केले. डोळे पूर्ण उघडे राहिले, पण फोटोत चेहराच काळा आला.

"हा आमचा विनोद आहे का बुजगावणं?" आई भागीरथाबाईंनी विचारले.

"ऊन मागून आहे, काकू. फ्लॅश मारावा लागते."

"दिवसा?" वडील मुखरूभाऊ म्हणाले. "सूर्य कमी पडून राह्यला का तुले?"

"सूर्य त्याच्या पाठीवर आहे, भाऊ. तोंडावर कोण पाडन उजेड?"

फ्लॅश पडला की विनोद डोळे मिटायचा. अजय वैतागला. "डोळे उघड, विनोद! इकडं पाह्य! लाईट दिसून राह्यला ना तुले?"

नेमकी तेव्हाच शेजारची सुगंधाबाई मोहफुलांची टोपली घेऊन कुंपणाजवळून चालली होती. ती थांबली, हळहळली आणि थेट बोअरिंगवर गेली.

"मुखरूभाऊच्या पोराच्या तोंडावर भर उन्हात लाईट मारून विचारून राह्यले, दिसते का म्हणून," तिने पाणी भरणाऱ्या बायकांना सांगितले.

फोटो झकास आला. पण दुसऱ्या दिवसापासून विनोदला पाहून सायकलवाले खाली उतरून उभे राहू लागले. एका म्हाताऱ्याने डोळ्यांत घालायला पाला आणून दिला. भागीरथाबाईंनी बोअरिंगवर जाऊन ऊन, पाठ आणि फ्लॅश सगळे समजावले. बायकांनी शांतपणे ऐकले आणि त्यांची घागर उचलून दिली.

मुलगी पाहायला गेले तेव्हा रीनाच्या वडिलांनी पाण्याचा पेला विनोदच्या हातात ठेवून त्याची बोटे स्वतः मिटवली. बातमी इथवर आली होती. मुखरूभाऊ पुढे सरकले.

"पाहुणे, पोराचे डोळे एकदम चांगले आहेत."

"आमच्या पोरीचेही चांगले आहेत," ते घाईने म्हणाले.

हे कुणी विचारले नव्हते. तेवढ्यात रीना पोहे घेऊन आली. शेजारच्या दोन बायकांनी तिला दोन्ही बाजूंनी धरले होते.

तिने विनोदकडे पाहिले. "तुमच्याकडंही अजयच आला होता का?"

"हो."

"उन्हात फ्लॅश मारला?"

"मारला ना."

"तवापासून आमच्या गावात मी आंधळी आहो."

"आमच्या गावात मी," विनोद म्हणाला.

दोघे एकमेकांकडे बराच वेळ पाहत राहिले. दोघांनाही स्वच्छ दिसत होते. विनोदने पोहे दोनदा मागून घेतले.

जोडा शोभतो, यावर दोन्ही गावांचे एकमत झाले. समजावणे घरच्यांनी सोडून दिले आणि लग्न उरकले.

विनोदच्या गावात नवराबायको रस्त्याने हात धरून चालत नाहीत. विनोद आणि रीना दर बाजाराला हात धरून जातात. कुणी काही म्हणत नाही. सुगंधाबाई तर पुढे होऊन वाटेतले दगड बाजूला करते.