गाणं संपवणारे गायकवाड सर

गायकवाड सरांना फोन करायचा तर मुद्दा आधी पाठ करावा लागतो. मुद्दा संपला की सर "आमेन" म्हणतात आणि फोन ठेवतात. 'बरं मग', 'आणखी काय', 'ठेवू का' ही मराठी माणसाच्या हक्काची पाच मिनिटं त्यांना मंजूरच नाहीत. भावाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी सरांना फोन केला. "व्यवस्थित पार पडलं," एवढं मी म्हणाले, तोच पलीकडून आमेन. ऑपरेशन कसलं होतं, हे त्यांनी आजपर्यंत विचारलेलं नाही.

आमची घरं सावेडीत शेजारीशेजारी, मधली भिंत एकच. पाहुणे निघताना फाटकात अर्धा तास गप्पा मारतात ना, तसं सरांच्या फाटकात चालत नाही. "निघालात ना? मग निघा," असं म्हणून ते आतून कडी लावतात. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे असेल, पण वाक्याला पूर्णविराम पाहिजे म्हणजे पाहिजे. माणूस चिडला तरी त्यांना चालतं.

आमच्या मैत्रीच्या मुळाशी मात्र एक विलायती बँड आहे. मिशनच्या बंगल्यातलं जुनं सामान विकायला काढलं, तेव्हा सरांनी रेकॉर्ड प्लेअर आणि रेकॉर्डचं एक खोकं उचलून आणलं. त्यात ह्या पाच जणांच्या रेकॉर्डी निघाल्या. वीसवीस मिनिटांचं एकेक गाणं, ताल मध्येच बदलणार, गाणारा मध्येच गायब होणार आणि सगळ्यावर सिंथेसायझर. बँडचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर त्याचे चाहते आणि त्याला नावं ठेवणारे, दोन्ही बाजूंचे लोक माझ्या दारात भांडायला येतील. सुरुवातीला मी त्रासून भिंतीवर ठोकायची. मग एके दिवशी लक्षात आलं, की आपण तालात ठोकतो आहोत. त्यानंतर मी रविवारी दुपारी सरळ त्यांच्या घरी जाऊन बसायला लागले.

आमच्या ह्या बैठकीतले तिसरे बबनराव. पारनेरला त्यांचा लग्नाचा बँड आहे. पहिला सिंथेसायझर घेतला तेव्हा सोबतचं इंग्रजी माहितीपुस्तक समजून घ्यायला ते सरांकडे आले, आत रेकॉर्ड चालू होती, आणि माणूस तिथेच अडकला. अजूनही ते त्या बँडला 'ती पाच पोरं' म्हणतात. पोरं आता सत्तरीपुढे गेली असतील.

वाद एकाच गाण्याचा. बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं. शेवटी ड्रम थांबतो, गिटार थांबते, उरतो एकटा सिंथेसायझर. तो दोनेक मिनिटं घुमत राहतो आणि हळूहळू विरतो. सरांच्या मते हा निव्वळ पळपुटेपणा. "पाचही जण शेवट करायला घाबरले, मशीनला पुढे केलं आणि मागच्या दाराने पळाले! बासरीवाल्याला दम लागतो, म्हणून गाणं संपतं. ह्या यंत्राला दमच लागत नाही, त्याला थांबवायला माणूसच लागतो."

बबनराव पान लावत शांतपणे म्हणायचे, "सर, त्यो आवाज जातो कुठं, त्येच तर ऐकायचं आस्तं."

सर नुसतं बोलत नाहीत, करून दाखवतात, हे जामखेडच्या एका लग्नात कळलं. बबनरावांचा सिंथेसायझरवाला आजारी पडला आणि सर हौसेने वरातीत वाजवायला गेले. ते चर्चमध्ये वाजवतात, बोटं तयार आहेत. पण वरातीतलं गाणं संपत नसतं. एकातून दुसऱ्यात शिरायचं आणि मांडवापर्यंत थांबायचं नाही, हा धंद्याचा नियम. सरांनी पहिलंच गाणं रीतसर संपवलं. चार ठोके, शेवटचा सूर, हात मांडीवर. नाचणारे हात वर करून तसेच उभे. घोडा थांबला. मागून नवरदेवाचा मामा धावत आला, कोणाला काय झालं म्हणून. सरांनी त्याला शांतपणे सांगितलं, की काही झालेलं नाही, गाणं संपलं आहे. दुसरंही गाणं त्यांनी असंच संपवलं. तिसऱ्याला बबनरावांनी त्यांना बँडच्या गाडीवरून खाली उतरवलं.

त्यावरून दोघं भांडले आणि पुढच्या रविवारी पुन्हा एकत्र बसले. पूर्वी हा वाद असा चवीपुरताच असायचा. पण अलीकडे सर हट्टाला पेटले. रेकॉर्ड लावली की ड्रम थांबताच ते सुई उचलायचे. मग त्यांनी कहर केला. गाणं संगणकावर घेतलं, सिंथेसायझरचा शेवट कापला आणि तिथे स्वतः वाजवलेला शेवट जोडला. दणदणीत, खिडकीच्या काचा हलवणारा. आम्हाला ऐकवला तेव्हा बबनराव उठून उभेच राहिले. दुसऱ्याच्या गाण्याला कात्री लावायचा हक्क सरांना कोणी दिला, असं ते विचारत होते. सर म्हणाले, "माझ्या घरात गाणं संपणार. ज्याला पटत नाही त्याने येऊ नये."

बबनराव पुढचे कित्येक रविवार आले नाहीत. मलाही सरांचा राग आला होता. एवढ्या जुन्या मित्रापेक्षा दोन मिनिटं मोठी झाली का?

एका रविवारी मीच बबनरावांना बोलावून घेतलं. ते दारातूनच म्हणाले, "आज मूळ गानं आख्खं लावा. न्हाई तर आपला रामराम घ्या."

मला वाटलं, आता आमेन होणार. पण सरांनी आत हाक मारून एस्तेरकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, बाहेर बोलावलं. काकूंना कमी ऐकू येतं. कानाचं मशीन लावलं की भांडी ऐकू येतात, गाणी नाहीत, असं त्या हसत सांगतात. त्या येऊन स्पीकरला खेटून बसल्या आणि त्याच्या लाकडावर त्यांनी तळहात टेकवला. त्यांची ही रोजची जागा असावी.

गाणं सुरू झालं. काकू मान डोलवत होत्या, ताल बदलला की त्यांची बोटंही बदलत होती. मग ड्रम थांबला, गिटार थांबली, सिंथेसायझर घुमायला लागला. काकूंनी हात उचलला. "छान झालं," म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

गाणं चालूच होतं.

"दर वर्षी तिचं थोडं आधी संपतं," सर म्हणाले. "पुढचं मी एकटा ऐकतो. मला नाही ऐकायचं ते एकट्याने. शेवटी ठोका असला, की तिच्या हाताला कळतो. दोघांचं एकदम संपतं."

बबनराव फिरणाऱ्या रेकॉर्डकडे बघत होते. त्यांची लाडकी जागा चालू होती, आवाज नुकता कुठे लांब जायला लागला होता.

काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "बबनराव, साखर किती? गाणं संपलं ना, की मी मध्येच उठले?"

"संपलं वैनी," बबनराव मोठ्याने म्हणाले, "तुमी उठला तवाच संपलं," आणि हात लांब करून त्यांनी स्वतः सुई उचलली.