डाव्या सीटवरचे आबा

संक्रांतीनंतरचा पहिला रविवार, सकाळची वेळ. ठिकाण: कळस, आबांच्या गोठ्यामागची शेड. हजर: हणमंतआबा, त्यांच्या पत्नी आक्का, इंदापूरचे दिलीप मिस्त्री आणि मी. शिवाय एक जुनी फौजी जीप, विटांवर.

आबा आक्कांच्या डाव्या हाताला बसले होते. हे खरं तर लिहायची गरज नाही. आबा कायम तिथंच बसतात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, स्वतःच्या ओट्यावरसुद्धा. पुतण्याच्या साखरपुड्यात फोटोग्राफरनं त्यांना आक्कांच्या उजवीकडं उभं केलं. तो मोजेपर्यंत आबा मागून वळसा घालून डावीकडं निघाले. त्या फोटोत आबांच्या जागी टोपीची एक पुसट रेघ आहे.

"फौजेची सवय," लोक म्हणतात. आबांची सगळी नोकरी फौजेत गाड्या दुरुस्त करण्यात गेली, त्यातल्या बऱ्याच गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या. निवृत्तीनंतर लिलावात त्यांनी तसलीच एक जीप घेतली. गावानं विचारलं, "आबा, ट्रॅक्टरची ट्रॉली घ्यायची सोडून हे काय?" आबा म्हणाले, "ट्रॉली रिपोर्ट देत न्हाय."

रिपोर्ट हा आबांचा शब्द. माझी भाजीच्या रोपांची नर्सरी त्यांच्या बांधाला लागून आहे. सकाळी मी दिसले की बांधावरून हाक येते, "सुनंदाताई, रिपोर्ट?" मिरचीची रोपं किती उगवली, वांग्यावर कीड आहे का, हे सांगितल्याशिवाय ते हलत नाहीत. म्हशीनं दूध कमी दिलं तर तिलाही रिपोर्ट मागतात. आक्का सोडून सगळ्यांना मागतात. आक्का न मागताच देतात.

दिवस कलला की दोघं जीपमधून शेतातल्या वाटेनं फेरी मारायची. आबा डावीकडं स्टिअरिंगवर, आक्का उजवीकडं. आक्कांचा आवाज माझ्या नर्सरीपर्यंत यायचा: कुणाची सून काय म्हणाली, कुठल्या डाळिंबाला फूल धरलं. आबांचं मधूनमधून "व्हय, व्हय." बांध संपला की जीप परत फिरायची. पुढं डांबरी रस्ता, आणि त्यावर जायला नोंदणी नव्हती.

आक्कांची इच्छा एकच होती. त्या जीपमधून एकदा इंदापूरच्या बाजाराला जायचं, रस्त्यानं, सगळ्यांसमोर. आबांनी शब्दही दिला होता. मग कागद माझ्याकडं आले. गावातल्या सगळ्यांचे येतात, कारण मी यादी करते आणि काम खोडलं गेल्याशिवाय मला चैन पडत नाही. बारामतीच्या परिवहन कार्यालयातल्या साहेबांनी नीट समजावून सांगितलं: आधी बदलाची परवानगी, मग स्टिअरिंग आणि पेडल उजवीकडं, मग तपासणी, मग नंबर. मी यादी केली आणि परवानगी आणली. पुढचं सगळं आबांपाशी अडलं.

कधी सुटा भाग मिळेना, कधी मिळालेला पसंत पडेना. कधी अमावास्या, जी फौजेत पाळत नसावेत. "गाडीचं मन डावीकडं हाय, ताई. जबरदस्ती करून चालत न्हाय." शेवटी मीच दिलीप मिस्त्रींना आणून शेडमध्ये उभं केलं. मग आबा कामाला लागले, पण स्टिअरिंगच्या बॉक्सला दुसऱ्या कुणाला हात लावू देईनात. तो त्यांनी एकट्यानं बसवला.

त्या रविवारी चाचणी होती. जीप विटांवरून उतरवली. आबा उजव्या सीटवर चढले, तोंड असं की कुणी दुसऱ्याच्या घरात जेवायला बसवलंय. आक्का नवी साडी नेसून डावीकडं बसल्या. दिलीप मिस्त्री पुढं चालत हातानं दिशा दाखवत होते. माझ्या नर्सरीपाशी त्यांनी उजवीकडं वळायची खूण केली. आबांनी चाक उजवीकडं फिरवलं. जीप शांतपणे डावीकडं वळली, माझ्या कुंपणातून आत आली आणि टोमॅटोच्या रोपांवर थांबली.

"बघितलं?" आबा म्हणाले. "तिला पसंत न्हाय."

मी रोपांचे ट्रे उचलायला लागले. मिस्त्री जीपखाली गेले आणि काळं तोंड घेऊन बाहेर आले.

"आबा, बॉक्स उलटा बसवलाय. चाक एकीकडं, गाडी दुसरीकडं."

"बसला आसंल."

"शिकाऊ पोराकडनं बसंल. तुमी जन्मभर हेच केलं. तुमाला ठावं हुतं."

आबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. आक्का काहीतरी सांगत होत्या, रोपांचं वाईट झालं म्हणून. आबांनी त्यांना उत्तर दिलं. आक्कांनी विचारलं, "काय म्हणालात?" आबा पुन्हा बोलले. आक्का पुन्हा म्हणाल्या, "आं?" आणि सीटवर पूर्ण वळून बसल्या.

आक्कांचा उजवा कान लहानपणीच्या दुखण्यात गेला आहे. गावाला हे इतकं अंगवळणी पडलंय की त्यांच्याशी बोलायचं तर कुणीही न सांगता डावीकडं जातं. मीही चहाचा कप घेऊन तिकडं जाते. जीपच्या बाबतीत मात्र ते आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"आता कळलं?" आबा आमच्याकडं न बघता म्हणाले. "मी हितं आन् ती तितं. इंदापूरपातूर एवढा रस्ता, आन् मी काय भिंतीशी बोलू?"

मिस्त्री हात पुसत राहिले.

आक्का खाली उतरल्या, जीपला वळसा घालून आबांच्या दारापाशी आल्या. "काय झालं म्हणता?"

आबांनी सांगितलं. या वेळी ते त्यांच्या डाव्या बाजूला होते. आक्कांनी सगळं नीट ऐकलं.

"एवढंच? मग सरका तिकडं. मी चालवती."

"तू?"

"शेतात ट्रॅक्टर कोण चालवतंय? तुमी तर नांगराला रिपोर्ट मागत बसता." त्या मिस्त्रींकडं वळल्या. "दिलीप, त्यो डबा सरळ बसव आदी. ताईची रोपं भरून द्यायची हायत, ती हे देतील."

आबा डाव्या सीटवर सरकले. मी त्यांना इतक्या पटकन हुकूम मानताना कधी पाहिलं नव्हतं.

पुढची कामं भराभर खोडली गेली. बॉक्स सरळ बसला. बारामतीत तपासणी झाली, नंबर मिळाला. आक्कांचं शिकाऊ लायसन्स आलं. शेजारी लायसन्सवाला माणूस लागतो, तो त्यांच्याकडं आहेच. मागच्या बाजारच्या दिवशी जीप डांबरी रस्त्यानं इंदापूरकडं गेली. आक्का उजवीकडं स्टिअरिंगवर, नजर समोर, तोंड चालू. आबा डावीकडून "व्हय, व्हय" करत होते आणि मधेच ब्रेक दाबत होते, जो त्यांच्या पायाखाली आता नाही.

एक काम राहिलंय. डावीकडची पेडल काढली तिथं पत्र्याला भोकं उरली आहेत. त्यातून वारा येतो, धूळ येते, परवा आबांची एक चप्पल अर्धी खाली गेली. मिस्त्री पत्रा कापून घेऊन दोनदा आले, शेवटी तो माझ्याकडं ठेवून गेले.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणतात. "ती गप बसली की तितं पाय ठिवून बसतो. बरं वाटतं."

आक्का गप्प बसलेल्या मी अजून ऐकल्या नाहीत. पत्रा माझ्या शेडमध्ये पडून आहे.